अठरा भोकांची गाडी

२ डिसेंबर

फूटपट्टीस,

हे अक्षर माझं नाही, हे तुला सांगायला नको. सात वर्षांत म्हातारी लिहायला शिकली की काय म्हणून दचकू नकोस. बोलतेय मी, लिहितोय तुझा उस्ताद. तोच वेल्डिंगवाला, ज्याच्या हाताखाली तू सांधे घालायला शिकलास आणि ज्याने शेवटी तुला दुकानाची पायरी उतरायला लावली. त्याचं अक्षर त्याच्या वेल्डिंगसारखंच आहे, दिसायला ओबडधोबड पण सुटत नाही. हे वाक्य लिहायला तो कुरकुरत होता. मी म्हटलं, मी बोलेन ते लिहायचं, नाहीतर तुझे शर्ट तसेच चुरगळलेले परत जातील.

तुझा पत्ता मला एका ट्रकवाल्याने दिला. इस्त्रीला पँट टाकून तो उभा होता, मी निखारे फुंकत होते, बोलता बोलता म्हणाला की रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात माल पोचवतो. तिथे झरोके बसवणाऱ्यांत एक जण आहे म्हणे, दुपारी डबा उघडायच्या आधी केलेल्या कामाची भोकं पुन्हा मोजतो. सगळे त्याला हसतात. मी ट्रकवाल्याला म्हटलं, तो माझा नातू, आणि तुझी पँट फुकट.

तब्येत विचारत नाहीस, तरी सांगते. गुडघे गेले, दात गेले, जीभ शाबूत आहे.

आता कामाचं. नदीने खालची वस्ती उचलून नेली. एकसष्ट घरं. माणसं शाळेच्या मैदानात बसलीयेत, आणि शाळा तर उघडायला हवी. रस्त्याकडेला राहू द्या म्हटलं तर सरकारी ऑफिसचा नियम आडवा येतो. जमिनीत खुंटी ठोकलीत तर ते अतिक्रमण, रोज हलणारं चाकावरचं काही असेल तर चालेल. म्हणजे दिवसा धंद्याची गाडी आणि संध्याकाळी घर, असं काहीतरी हवंय त्यांना. मोठमोठी माणसं डोकं खाजवत बसलीयेत. उस्ताद माझ्याकडे आला आणि माझ्या इस्त्रीच्या टेबलाकडे बघत राहिला.

तुझ्या त्या गाडीचं चित्र अजून तिथेच आहे. टेबलावरच्या कांबळ्याखाली. सात वर्षं त्याच्यावर इस्त्री फिरतेय, एकही सुरकुती नाही. तू गाडी घणाने फोडलीस, पण चित्र विसरलास. की ठेवून गेलास, ते तुझं तुला ठाऊक.

ते ऑफिसला द्यावं का, एवढंच विचारायचं होतं. तुझं आहे म्हणून विचारलं.

खाली सहीच्या जागी इस्त्रीचं टोक टेकवलंय. कागद जरा जळला. पण माझ्याशिवाय अशी सही दुसऱ्या कुणाची नसेल.

आजी


१० डिसेंबर

फूटपट्टीस,

उत्तर नाही. बरं आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ माझ्याच घराण्याचा.

तुझी वाट न बघता आम्ही चित्र दाखवलं. ऑफिसातून एक इंजिनीअर बाई आली होती. मी तिला मोजणीबाई म्हणते, तोंडावर सुद्धा. वयाने तुझ्याएवढीच. मला वाटलं, खुर्ची मागेल. तिने चपला काढल्या आणि दुकानाच्या फरशीवर आडवी झाली, माणसाला झोपायला किती जागा लागते ते बघायला. मला तिथेच आवडली.

तू असंच करायचास. आठवतंय? मला आकडे कळत नाहीत म्हणून तू सगळं खऱ्या मापाचं काढायचास, तपकिरी कागद जोडून जोडून, दुकानभर. आजी, इथून इथपर्यंत फळी. आजी, इथे बिजागरी, फळी उलटली की भिंत होणार. ओढायच्या दांड्या काढून उभ्या केल्या की त्याच आढ्याचे खांब. आणि तुझ्या आईला कागदावर झोपवून भोवतीने खडूने आखलंस. ती हसायला लागली. म्हणाली, "मेल्यावर मापतात रे, आत्तापासून कसली घाई?" तू म्हणालास, "हलू नकोस, गुडघा चुकला." ती डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. उताणं झोप म्हटलं तर म्हणाली, मी उताणी झोपतच नाही, खोटं माप कशाला देऊ.

खोटं माप कशाला देऊ. हे उस्तादाला मी दोनदा लिहायला लावलंय.

तर मोजणीबाईने चित्र पाहिलं. बोट फिरवत फिरवत प्रत्येक बिजागरीशी थांबली. वरच्या पट्टीत नऊ भोकं, खालच्या पट्टीत नऊ, हेही मोजलंन. विचारलंन, ही कशाला? उस्ताद म्हणाला, माणसाबरोबर आत कोळशाची इस्त्री असणार होती, तिचा वायू जायला. बाहेर ठेवली तर इस्त्री चोरीला जाते, आणि इस्त्रीवाल्याची इस्त्री गेली म्हणजे हात गेला. मोजणीबाई म्हणाली, हुशार आहे पोरगा. मग विचारलंन, अशी गाडी कधी बनवली होती का?

उस्ताद खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष. म्हणाला, एक बनवली होती. बारा रात्री टिकली. तेराव्या सकाळी आत एक बाई मेलेली सापडली, कोळशाच्या वायूने.

तिने कागद गुंडाळला. नीट, हळू. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजी, माणूस मेलेलं चित्र मला वर पाठवता येणार नाही." भोकं कमी पडली असतील, लहान पडली असतील, हिशेब चुकला असेल, असं काहीबाही उस्तादाला सांगत होती. उस्ताद मान हलवत होता. सात वर्षांपूर्वी त्याने तुला हेच सांगितलं होतं, ज्याला मोजता येत नाही त्याने माणसं झोपवायच्या भानगडीत पडू नये. तेव्हाही मी तिथेच उभी होते.

आता मैदानात नुसत्या ताडपत्र्या वाटणार आहेत. या आठवड्यात मैदानातली दोन माणसं गारठून गेली. एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, ज्याच्या कोटाची बाही मी परवाच दाबून दिली होती. दुसरं माणूस म्हणायचं की नाही कोण जाणे, अजून त्याला नावही ठेवलं नव्हतं.

मी मोजणीबाईला काही बोलले नाही. माझी दाढ दुखत होती.

आजी


१३ डिसेंबर

फूटपट्टीस,

दाढ दुखत नव्हती. मला दाढाच नाहीत, हे मी पहिल्या पत्रात सांगून बसलेय आणि तू मोजणारा माणूस, तुझ्या लक्षात आलंच असेल.

आज उस्तादाला मी सांगितलंय, मान वर करायची नाही. लिहून झाल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही.

त्या दिवशी तुझ्या आईला ताप होता. खोकला तर महिनाभराचा. गाडीत ती एकटीच झोपायची, तू नि मी दुकानाच्या ओसरीवर. संध्याकाळी मी तिला आत निजवलं, अंगावर घातलं, पायाशी इस्त्री ठेवली, निखाऱ्यावर राख पसरून, रोजच्यासारखी. ती म्हणाली, आई, मानेला वारा लागतोय.

मी हात लावून बघितलं. तुझ्या वरच्या भोकांतून येत होता. सुईसारखा.

माझ्याकडे चिंध्या होत्या. इस्त्रीवाल्या बाईकडे चिंध्या नसतील तर कुणाकडे असतील? मी त्या अशाच कोंबल्या नाहीत. मला तसं येत नाही. एकेक घेतली, चौघडी केली, इस्त्री फिरवली, आणि घट्ट बसवली. नऊ वरची. मग वाटलं, पायांनी काय पाप केलंय, म्हणून नऊ खालची. अठरा. इतकं सुबक काम की बाहेरून बघितलं तर दिसलं नसतं. ती म्हणाली, आता बरं वाटतंय. हे तिचं शेवटचं बोलणं. मी सात वर्षं ते उगाळतेय. बरं वाटतंय म्हणाली होती.

तू मला सांगितलं होतंस. गाडी तयार झाली त्या दिवशी माझा हात धरून एकेका भोकावर ठेवला होतास आणि म्हणाला होतास, "आजी, इस्त्री आत राहणार म्हणून ही. ही बंद करायची नाहीत." मला ऐकू आलं नव्हतं, असं आत्ता लिहिता येईल. ऐकू आलं होतं. मला वाटलं, एका दिवसाने काय होतंय. पोरगं पुस्तकातलं बोलतंय आणि माझी लेक थंडीने कुडकुडतेय.

सकाळी झाकण मीच उघडलं. तोंड लाल होतं तिचं, झोपल्यासारखी, डाव्या कुशीवर. मी हाक मारली. मग पायाला हात लावला. इस्त्री अजून कोमट होती आणि ती नव्हती.

पुढचं ऐक. मी तेव्हा ओरडले नाही. आधी चिंध्या काढल्या. अठराच्या अठरा, एकेक करून, आणि गाठोड्यात टाकल्या. मग ओरडले. तू धावत आलास तेव्हा सगळी भोकं उघडी होती.

तू पहिलं काय केलंस ते मी पाहिलं. तिच्याकडे नाही बघितलंस, भोकांकडे बघितलंस. मग बोट घालून मोजलीस. उस्ताद आला, पोलीस आले, सगळे मोजत राहिले. अठरा उघडी भोकं आणि आत मेलेली बाई, म्हणजे मोजणाऱ्याची चूक. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी माझ्या मनाला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. तुला उस्तादाने पायरी उतरायला सांगितली तेव्हा कुठे मला कुणी गप्प बसवलं होतं. तू घण घेतलास तेव्हाही मी बाजूला झाले, लागेल म्हणून.

असं का केलं, ते मला सांगता येत नाही. लेक मारली हे मी पेललं असतं. पण ती माझ्या मायेने मेली, हे लोकांच्या तोंडून ऐकवलं नसतं. म्हणून ते तुझ्या अंगावर घातलं. तू तरणा होतास, मला वाटलं सोसशील.

उस्ताद


१६ डिसेंबर

फूटपट्टीस,

मागच्या पत्राच्या शेवटी उस्तादाचं नाव लिहिलेलं दिसेल, पण ती सही नाही. मी म्हणाले होते, "उस्ताद, पाणी पी." तर त्याने 'उस्ताद' एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि उठून गेला. तीन दिवस दुकान बंद. कागद माझ्याकडेच होता. इस्त्री टेकवायला सुद्धा धजावले नाही. तो तसाच या पाकिटात घातलाय.

आज सकाळी आला. बसला. मी म्हटलं, शिव्या देणार असशील तर आधी दे, मग लिहायला बस. म्हणाला, "मावशी, मी त्याला पायरीवरून उतरवलं तेव्हा तुम्ही मला चहा आणून दिला होतात." मी म्हटलं, हो. तो पेनाचं टोपण लावत-काढत राहिला. शेवटी म्हणाला, चला, ऑफिसला जायचं.

तर आम्ही गेलो. मोजणीबाईच्या समोर चार जण बसले होते. ती म्हणाली, आजी, आत येऊन एकटीच बोलता का? मी म्हटलं, नको, चौघांसमोर त्याच्यावर आळ गेला होता, चौघांसमोरच परत घेते. सांगितलं सगळं. चौघडी केलेल्या चिंध्यांसकट. एकाने डोळे खाली केले. एक बाबू मात्र म्हणाला, "पण आजीबाई, मग चित्रात चूक काहीच नव्हती म्हणायची?"

मी हो म्हणणार होते. मोजणीबाईच आधी बोलली. म्हणाली, "एक होती. भोकं बुजवता येत होती."

लेका, मला राग आला. तुझ्या वतीने आला. मग रस्ताभर तेच डोक्यात. एकसष्ट घरं, म्हणजे एकसष्ट म्हाताऱ्या तरी असतील. प्रत्येकीकडे चिंध्या आहेत. प्रत्येकीचं कुणीतरी कुडकुडतंय. तू कितीही बजाव, पाटी लाव, ओरडून सांग, त्या हो हो म्हणतील आणि संध्याकाळी बुजवतील. मी बुजवलीच ना. वाईट माणसासाठी कुलूप असतं. मायेने आंधळ्या झालेल्या हातासाठी काय असतं, ते तुम्हा शिकलेल्यांपैकी कुणी अजून काढलेलं नाही.

मोजणीबाई म्हणतेय, तसं चित्र मिळालं तर ती वर पाठवेल. तिला स्वतःला जमत नाहीये, तीन कागद फाडले तिने. उस्तादाला जमत नाहीये. मला तर ही भोकं बुजवताच येतात.

तू मला माफ कर, असं मी लिहायला सांगणार नाही. तो दुसरा धंदा आहे आणि माझ्याकडे त्याचं भांडवल नाही. चित्र दे. माझ्यासाठी नको. मैदानात काल अजून एक गेलं.

खालची ओळ उस्तादाने स्वतःहून लिहिलीये. काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला तयार नाही. मी अक्षरशत्रू, त्यामुळे तुमचं तुम्ही बघा.

तुझं माप बरोबर होतं. दुकानाला आता पायरी नाही, मी काल ती फोडली.


९ जानेवारी

फूटपट्टीस,

गुंडाळी पोचली. पाकिटात चिठ्ठी नव्हती. उस्तादाने पाकीट उलटं करून झटकलं, आत डोळा लावून बघितलं. मी म्हटलं, गप रे, मला वाचता येईल असंच पाठवलंय त्याने.

दुकानाच्या फरशीवर उलगडलं. सहा फूट. खऱ्या मापाचं, कागदाला कागद जोडून, एकही आकडा न घालता. मोजणीबाई म्हणाली, मापं कुठेत? उस्ताद म्हणाला, हे चित्र तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

मी गुडघे टेकून हाताने वाचलं. दांड्या तशाच. बिजागऱ्या तशाच. इस्त्रीला मात्र तू वेगळी खोली दिलीस. पायाच्या बाजूला, बाहेरून उघडणारी, कुलपाची. आत येते ती फक्त पत्र्याची ऊब. इस्त्री चोरीला जात नाही आणि माणसाजवळ येत नाही. मग भोकं शोधायला लागले तर सापडेनात. भिंत दुहेरी, दोन पत्र्यांमधे बोटभर फट, खालून उघडी, बाहेरची भोकं एका उंचीवर, आतली दुसऱ्या. वारा वळणं घेत येणार, त्याची सुई होणार नाही, आणि मानेला लागणार नाही. बोटाने शोधत शोधत मोजली. याही वेळी तू अठराच ठेवलीस.

आणि मधोमध खडूने माणूस आखलेलं होतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. मी त्यावर वीत ठेवून बघितली. सात वर्षांनीही एका बोटाचा फरक नाही. मला उठवायला दोघं लागली.

उस्तादाने पहिली गाडी आठ दिवसांत उभी केली. काल ती तपासायची होती. मोजणीबाई म्हणाली, तपासणार कोण, तर उस्तादाने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्यासमोर चिंध्यांचं पोतं टाकलं आणि म्हणाला, "बुजवा, मावशी. जीव तोडून बुजवा." मी म्हटलं, माझी थट्टा करतोस? म्हणाला, "तुमच्याइतकं चांगलं कुणाला येतं?"

खरं होतं. मी आत शिरले. दुपारभर बसले होते तिथे, तुझ्या आईच्या जागेवर, पाय पोटाशी घेऊन. बाहेर ते दोघं फक्त हातांचा आवाज ऐकत होते. एकेक चिंधी घेतली, चौघडी केली, बोटाने दाबली. ती आत जायची आणि दोन पत्र्यांच्या फटीतून गाडीखाली पडायची. दुसरी घेतली, तीही पडली. पोतं अर्धं झालं, खाली चिंध्यांचा ढीग, आणि मानेजवळ हवा हलत होतीच. मी रडत नव्हते. रडत होते असं उस्ताद सांगतो, पण तो बाहेर होता.

सतरा बुजली नाहीत.

एक बुजलं. खालच्या ओळीतलं, डाव्या चाकामागचं. तिथे बिजागरीच्या बाजूने बोट आत जातं, माझ्यासारखं वाळलेलं बोट असेल तर, आणि चिंधी पत्र्यांच्या कोपऱ्यात अडकते. बाहेर आले तेव्हा त्या दोघांना ते दिसलंच नाही, इतकं सुबक बसलं होतं. मोजणीबाईने वहीत बरोबरची खूण करायला पेन सुद्धा काढलं. मी म्हटलं, थांबा.

दाखवल्यावर उस्ताद म्हणाला, अठरातलं एक, त्याने काय होतंय. आणि इतकी खटपट कोण करणार, मावशी. मी म्हटलं, मी केली असती.

तेव्हा बाकीच्या साठ गाड्यांचं काम थांबवलंय. मैदानात थंडी आहे, म्हणून घाई कर. चित्र पाठवलंस तरी चालेल, आणि हाताने दाखवणं सोपं पडत असेल तर दुकानाला आता पायरी नाही. गाडी तशीच उभी आहे, उस्तादाला मी हात लावू दिलेला नाही.

ती चिंधी मी या वेळी काढलेली नाही.